पोटात राहिलेला मॉप आणि बेरियमचा दोरा

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पोटात कात्री राहिल्याची बातमी आली की डॉक्टरांच्या बेफिकिरीवर सर्वत्र संताप व्यक्त होतो. या संतापामागे दोन गैरसमज असतात: पोटात राहते ते बहुधा धातूचे हत्यार, आणि ते राहते कारण कोणी मोजलेच नाही. वडिलांकडून विदर्भाशी नाते असलेले अमेरिकेतील शल्यचिकित्सक अतुल गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली मॅसॅच्युसेट्समधील अशा 54 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मागे राहिलेल्या वस्तूंपैकी 69 टक्के वस्तू कापडाच्या होत्या, आणि ज्या शस्त्रक्रियांत मोजणी झाली होती त्यांतील 88 टक्के वेळा कागदावर ‘मोजणी बरोबर’ अशीच नोंद होती. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका नऊपट आढळला.

या कापडाला शस्त्रक्रियागृहात ‘मॉप’ म्हणतात. तो सुती जाळीच्या कापडाचा, घड्या शिवलेला चौकोनी तुकडा असतो आणि रक्त टिपण्यासाठी किंवा आतडी बाजूला दाबून धरण्यासाठी वापरतात. रक्ताने भिजला की त्याचा रंग आजूबाजूच्या ऊतींसारखाच होतो आणि आतड्यांच्या वेटोळ्यांमागे सरकलेला मॉप हातालाही सहज लागत नाही. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि ते तोडणारे विकर माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे शरीर एकतर त्याभोवती तंतुमय आवरण तयार करते आणि वर्षानुवर्षे काहीच कळत नाही, किंवा तिथे पू होतो आणि रुग्ण गंभीर होतो.

साधा कापूस एक्स-रेमध्येही दिसत नाही, कारण तो आणि आपले स्नायू कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचेच बनलेले असतात. म्हणून मॉपमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेला एक दोरा किंवा पट्टी विणलेली असते, आणि तिच्यामागचे भौतिकशास्त्र फार सुंदर आहे. क्ष-किरणाचा फोटॉन अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनला बाहेर काढतो आणि स्वतः नाहीसा होतो. हा प्रकाशविद्युत परिणाम. वस्तुमान तेवढेच धरले तर त्याचे प्रमाण ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनानुसार वाढते. मऊ ऊतींचा सरासरी परिणामी अणुक्रमांक साधारण 7.4 आहे, तर बेरियमचा 56. म्हणजे अणुक्रमांकांचे गुणोत्तर साडेसात, आणि त्याचा घन चारशेच्याही वर. शिवाय बेरियमच्या सर्वांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेर काढायला 37.4 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. फोटॉनची ऊर्जा ही सीमा ओलांडताच शोषण एकदम पाचपटीहून अधिक उसळते, आणि पोटाच्या एक्स-रेसाठी वापरल्या जाणाऱ्या फोटॉनांपैकी पुष्कळ फोटॉन नेमके याच सीमेच्या आसपास असतात. बेरियमची विरघळणारी क्षारे विषारी असली तरी सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने तो दोरा निरुपद्रवी ठरतो. एक्स-रेमध्ये त्याची पांढरी वळणदार रेघ उमटते.

मात्र ही रेघ दिसण्यासाठी आधी एक्स-रे काढावा लागतो, आणि तो सामान्यतः मोजणी जुळली नाही तरच काढतात. मोजणीच चुकीने ‘जुळली’ तर बेरियम तिथे असूनही कोणी पाहत नाही. म्हणून सारा भार मोजण्याच्या पद्धतीवर येतो. पाच-पाचच्या गठ्ठ्यांतील मॉप दोन परिचारिका एकाच वेळी, मोठ्याने, एकेक सुटा करून मोजतात. ही मोजणी सुरुवातीला, पोटाची पोकळी शिवण्यापूर्वी आणि त्वचा शिवताना होते, आणि मध्ये आत दिलेला प्रत्येक नवा गठ्ठा फळ्यावर लिहिला जातो. मॉप कापून अर्धा करायचा नाही, आणि दोरा असलेले कापड वरच्या पट्टीसाठी वापरायचे नाही, हे नियमही त्यातलेच. एक मॉप कमी भरला तर भूल उतरवण्यापूर्वी पुन्हा शोध घेतात आणि टेबलावरच एक्स-रे काढतात. रेडिओलहरींवर चालणाऱ्या चिप लावलेल्या मॉपची आज बरीच जाहिरात होते. ते उपयोगी आहेत, पण ते घेतले म्हणून मोजणी सोडता येत नाही.

आपल्याकडे 1963 साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात मॉप राहिला. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडल्यावर तो सापडला, पण ती वाचली नाही. सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला जबाबदार धरले ते 1996 साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी.

चुकीच्या बाजूला शस्त्रक्रिया होण्यामागेही तपासणीशिवायची खात्रीच असते. 1995 साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे एका रुग्णाचा भलताच पाय कापला गेला. समोर उभ्या असलेल्या माणसाला रुग्णाची डावी बाजू उजवीकडे दिसते, फिल्म उलटी लावली जाऊ शकते, आणि कागदावर ‘डावा’च्या जागी ‘उजवा’ लिहिला गेला की पुढचे सगळे त्याच कागदावर विसंबतात. म्हणून रुग्ण जागा असताना, त्याला विचारून, शल्यचिकित्सकाने स्वतः जागेवर न पुसणाऱ्या शाईने खूण करायची असते. ती बाण किंवा आद्याक्षरांची असावी. फुलीची नको, कारण फुलीचा अर्थ ‘इथे नको’ असाही घेतला जातो. आपल्याकडे शस्त्रक्रियेसाठी पंचांगातून मुहूर्त काढणारी कुटुंबे आजही आहेत. ग्रहांच्या स्थितीने रुग्णाच्या सुरक्षिततेत काडीचाही फरक पडत नाही. ही खूण झाली की नाही, याने पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली आणलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत खूण, मोजणी आणि चीर देण्यापूर्वीचा थांबा (सर्वांनी हात थांबवून रुग्ण, जागा आणि शस्त्रक्रिया मोठ्याने पडताळणे) हे तिन्ही आहेत. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 101 रुग्णालयांना ती सक्तीची केली, तेव्हा मात्र मृत्युदरात लक्षणीय फरक दिसला नाही. त्या निष्कर्षावर अजून वाद आहे, पण माझ्या मते यादीवर खुणा करणे आणि यादी पाळणे यांतले अंतर हेच त्याचे मोठे कारण असावे. थांबा म्हटल्यावर शल्यचिकित्सकाने हात थांबवून ऐकले का, आणि मोजणी चुकल्याचे सांगायला सर्वांत कनिष्ठ परिचारिका धजावली का, हे यादीवरच्या खुणेवरून कळत नाही.