नव्वद वर्षांनी सापडला, चार वर्षांत गेला: उलाकुंटा

उलाकुंटा म्हणजे वाळवंटी रॅट-कांगारू. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी त्याचे तीन नमुने इंग्रज निसर्ग-अभ्यासक जॉन गूल्ड यांच्याकडे पाठवले आणि १८४३ मध्ये गूल्ड यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे जवळपास नव्वद वर्षं त्याचा पत्ता नव्हता. निदान गोऱ्यांच्या नोंदींत तरी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आयर सरोवराच्या पूर्वेकडचे मूळ रहिवासी त्याला ओळखत होतेच, नावही त्यांचंच.

१९३१ मध्ये तिकडच्या एका पशुपालकाकडून खबर आली आणि ॲडलेडचे अभ्यासक हेडली फिनलेसन तिथे पोचले. लहानशा सशाएवढा, पोटाला पिशवी असलेला, रात्रीचा जीव. अशा रणरणत्या माळावर राहूनही हा दिवसा बिळात शिरत नसे. झुडपाखाली उथळ खळगा, आत पानं-गवत, वर काटक्यांचं तकलादू छप्पर आणि त्यातून डोकं काढून पहारा. पळण्यात मात्र तो कुणाला ऐकत नसे. फिनलेसन यांच्या मंडळींनी आळीपाळीने घोडे बदलत एकाचा पाठलाग केला. बारा मैल पळून, अगदी दमछाक झाल्यावरच तो कोसळला, तो मेलाच.

दुष्काळ सरला होता, म्हणून त्या वर्षी ते बऱ्यापैकी दिसत होते. पण नेमका त्याच सुमारास तिथे लाल कोल्हा पोचला. शिकारीच्या हौसेपायी इंग्रजांनी १८७० च्या दशकात आग्नेयेकडच्या व्हिक्टोरिया प्रांतात सोडलेला हा प्राणी, १८५९ मध्ये तिथेच सोडलेल्या सशांवर पोसत आत आत सरकला होता. ससे कोल्ह्याला जगवणार आणि कोल्हा जाता जाता उलाकुंटाही उचलणार, असा हा मामला. मांजरं त्याच्या आधीपासून होती, गुराढोरांनी चाराही ओरबाडला होता. तरी उलाकुंटा तग धरून होता, म्हणून शेवटचा घाव कोल्ह्याचाच मानावा लागतो. उघड्या खळग्यात झोपणाऱ्याला माग काढत येणाऱ्या शिकाऱ्यापुढे काय उपाय?

१९३५ नंतर त्याची एकही खात्रीची नोंद नाही. १७८८ मध्ये गोऱ्यांची वसाहत सुरू झाल्यापासून ऑस्ट्रेलियातले तीसहून अधिक सस्तन प्राणी असेच गेले. साधारण ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो वजनाच्या प्राण्यांना त्याची सर्वांत जास्त झळ बसली आणि उलाकुंटा त्याच वजनगटातला. १९९४ मध्ये त्याला नामशेष ठरवण्यात आलं. 'दिसला' अशा वावड्या अधूनमधून उठल्या, पण ठोस पुरावा कुणाच्याच हाती लागला नाही.