गिरणगावातील गाणे आणि चित्रपट

मुंबईच्या लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, भायखळा, शिवडी, नायगाव व वरळी या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात गाणे, तमाशा आणि चित्रपट यांची जी देवघेव झाली, तिची ही नोंद आहे. चित्रपट समाजाला वळण लावतो की समाज चित्रपटाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. गिरणगावात या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर, कधी एकाच गाण्यात घडल्या.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून, तसेच घाटावरून सातारा, सांगली, कोल्हापूर भागातून माणसे आली. बहुतेकांची बायकामुले गावीच राहिली. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. कोकणातल्या चाकरमान्यांनी भजन, नमन आणि जाखडी ही नाचगाण्याची रूपे आणली. पुरुषांच्या कानातल्या बाळ्यांवरून जाखडीला मुंबईत ‘बाल्या नाच’ हे नाव पडले. घाटावरच्यांनी तमाशा, लावणी आणि पोवाडा आणला. ग्रँट रोडजवळच्या नाटकगृहांच्या वस्तीला कामगार ‘पिला हाऊस’ म्हणत. इंग्रजी ‘प्ले हाऊस’चे हे मराठी तोंडात बसलेले रूप आहे. तिथे आणि पुढे लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाच्या बाऱ्या लागत.

चाळीतली डबलबारी हे या देवघेवीचे सर्वांत चांगले उदाहरण. बीडीडी चाळींच्या पटांगणात रात्री दोन भजनी मंडळे समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा एक बुवा, पेटी, पखवाज, झांजा आणि मागे कोरस. एक बुवा अभंग आणि गौळण गाऊन सवाल टाकतो, दुसरा त्याचे उत्तर आपल्या बारीत देतो. शेवटी गजर येतो, आणि गजराला बुवा हटकून एखाद्या गाजलेल्या सिनेमाची चाल उचलतो. शब्द विठ्ठलाचे, चाल पडद्यावरची. जुनी माणसे नाक मुरडतात, पण दुसऱ्या ओळीला सगळे पटांगण टाळी धरते. याला भ्रष्ट नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. गौळणीत जुन्या चाली पिढ्यान्‌पिढ्या अशाच फिरत आल्या आहेत. सिनेमा ही फक्त चालींची नवी विहीर झाली.

उलट दिशेनेही हेच घडले. ‘गोविंदा आला रे आला’ ही दहीहंडी फोडणाऱ्या पथकांची रस्त्यावरची आरोळी. १९६३ च्या ‘ब्लफ मास्टर’ या हिंदी चित्रपटाने तिचे गाणे केले, आणि तेव्हापासून तेच गाणे दहीहंडीच्या ध्वनिक्षेपकावर वाजत आले आहे. आरोळी मूळची कुणाची, हे आज थरावर चढणाऱ्या पोराला सांगूनही पटणार नाही.

शाहिरीचा पल्ला याहून मोठा होता. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ सुरू केले. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा ठेवला, पण गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीऐवजी मायभूमी आणि शिवाजी महाराजांना वंदन केले, कृष्ण-गवळणींचा भाग वगळला आणि वगात, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यात, सावकार, मालक, कामगार उभे केले. या प्रकाराला त्यांनी लोकनाट्य म्हटले.

त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या घाटाचे गाणे, जवळून पाहण्यासारखी आहे. सुरुवात साध्या विरहाच्या लावणीसारखी होते: पोटासाठी मुंबईला निघालेला गडी, मागे राहिलेली देखणी बायको, तिच्या रूपाचे वर्णन. मग गडी मुंबईत पोचतो आणि श्रीमंत-गरिबांची मुंबई दिसू लागते. हळूहळू गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिरते, आणि शेवटी मैनेची ताटातूट ही बेळगाव-कारवार तुटलेल्या महाराष्ट्राची ताटातूट ठरते. गिरणीकामगाराच्या घरातले सर्वांत खासगी दुःख इथे राजकीय मागणी झाले. चळवळ समजावून सांगायला अशा गाण्यासमोर पत्रके तोकडी पडत, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाची मैना खरोखरच गावी होती. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले.

चित्रपटाचा कारखानाही याच वस्तीत होता. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला राजकमल कलामंदिर उभारले. तिथल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटाने मराठीत तमाशापटांची लाट आणली. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) हे तिचे पुढचे टप्पे. तमाशाकडे पाठ फिरवणारा पांढरपेशा प्रेक्षक या चित्रपटांमुळे लावणी ऐकू लागला, हे त्यांचे मोठे काम. पण किंमतही मोजावी लागली. बैठकीची, बसून अदा करायची लावणी, भक्तीची आणि कूटप्रश्नांची लावणी मागे पडली, आणि लावणी म्हणजे फडावरचा शृंगार एवढीच समजूत शहरात रुजली. तमाशा कलावंतीण म्हणजे पाटलाला किंवा मास्तराला नादी लावणारी बाई, ही प्रतिमाही पडद्याने घट्ट केली. खऱ्या फडावरच्या बायकांना तिचा त्रास आजही होतो.

नायगावात जन्मलेल्या दादा कोंडके यांनी हे चित्र आतून हलवले. ‘विच्छा माझी पुरी करा’ या वसंत सबनीसांच्या लोकनाट्याने ते नावारूपाला आले आणि १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लावण्यावरून वाद झाला, शिवसेना मध्ये पडली आणि चित्रपट लागला. मराठी शहरात मराठी चित्रपटाला पडदा मिळत नाही, ही तक्रार तेव्हापासून राजकारणाचा भाग झाली. कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांवर समीक्षकांनी कडाडून टीका केली. तो विनोद तमाशाच्या बतावणीतला, म्हणजे त्यातल्या विनोदी संवादांतला होता. दुसऱ्या पाळीवरून सुटून लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात शिरणाऱ्या कामगाराला तो ओळखीचा वाटे, कारण सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी पात्र करणारा नट, मालकाला तोंडावर टोमणे मारतो आणि तरी सुटतो.

आंबेडकरी जलशांची, म्हणजे आंबेडकरांचा विचार गाण्यांतून सांगणाऱ्या कार्यक्रमांची, परंपरा याच वस्त्यांतून वाहत राहिली. वामनदादा कर्डक आणि विठ्ठल उमप यांची गाणी, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघरी पोचला. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते आणि विठ्ठलाची भक्तिगीते सारख्याच जोमाने गायली. त्यामुळे जातीने वेगळ्या ठेवलेल्या दोन खोल्यांत एकच गळा ऐकू येत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या एकेक बंद पडत गेल्या. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने त्या पडझडीतले एक घर रंगमंचावर आणले आणि त्यावरून २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ हा चित्रपट आला. संपानंतर वाढलेली पोरे आणि टोळ्या यांच्याकडे तो पाहतो. मात्र मुंबईच्या चित्रपटांना त्या काळाचा हा गुन्हेगारी कोपरा जास्त आवडला. गावी परतलेला किंवा रखवालदारी करू लागलेला विणकर पडद्यावर क्वचितच दिसला. कुलाब्याची मुकेश मिल तर जळाल्यानंतर वर्षानुवर्षे चित्रीकरणाची जागा म्हणून भाड्याने जात राहिली.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी पुढची चौदा वर्षे आंबेडकरी शाहिरांचा माग घेत ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट केला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालतो: त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप. गाणे समाजाला किती हलवू शकते, याचा न्यायनिवाडा एक थकलेले न्यायालय तारखांवर तारखा देत करते.

आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत, पण गणपतीच्या मिरवणुकीत लालबागच्या रस्त्यावर बेंजो पार्टी असतेच. टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेला हा बेंजो ध्वनिक्षेपकाला जोडलेला असतो आणि त्यावर लावणी, कोळीगीत, भीमगीत, हिंदी सिनेमाची चाल एकामागून एक वाजते. पार्टीत गायक नसतो. शब्द गर्दी म्हणते.