बेटांवरची जमीन राखणाऱ्या संस्था : स्वयंसेवक, पगारी स्टाफ आणि मागची गोष्ट

अमेरिकेतल्या बेटांवर जमीन राखणाऱ्या ज्या छोट्या छोट्या संस्था आहेत त्यांच्यात एक वाद दर काही वर्षांनी डोकं वर काढतो, बोर्डावरच्या बिनपगारी लोकांचं किती चालायचं आणि ऑफिसातल्या पगारी लोकांचं किती. साधारण असं सांगितलं जातं की संस्था लहान होती तोवर गावातल्या लोकांनी चालवली, मग मोठी झाली, पैसा आला, म्हणून स्टाफ ठेवला. मला हा क्रम उलटा वाटतो. स्टाफ आला तो १९८० च्या टॅक्स कायद्यामुळे, आणि संस्था मोठ्या झाल्या त्या नंतर. ते नीट कळावं म्हणून आधी थोडं मागचं.

मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर १९०१ मधे काही उन्हाळी रहिवाशांनी अशी संस्था काढली. कल्पना मॅसॅच्युसेट्समधून आलेली, तिथे १८९१ मधे लोकांसाठी जमिनी सांभाळणारी पहिली खाजगी संस्था झाली होती आणि तिची कल्पना मांडणारा तरुण लँडस्केप आर्किटेक्ट १८९७ मधे वारला, मग त्याच्या वडिलांनी ती मेनला नेली. पगारी ऑफिस वगैरे काही नव्हतं, एकदोन श्रीमंत माणसं स्वतःचा वेळ आणि स्वतःचे पैसे घालून डोंगरमाथे, तलावाकाठच्या जागा गोळा करत होती. १९१३ पर्यंत हजारो एकर जमा झाली आणि त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळात संस्थेची करमाफीची सनदच रद्द करायचा प्रयत्न झाला. तो फसला, पण घाबरून संस्थेने जमीन केंद्र सरकारला देऊन टाकली, १९१६ मधे ती राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९१९ मधे राष्ट्रीय उद्यान. म्हणजे बाहेरून आलेले लोक जमीन अडकवून ठेवतात आणि गावाचा टॅक्स बुडतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे, आणि पुढच्या सगळ्या भांडणांच्या तळाशी तीच सापडते.

मधल्या पन्नास वर्षांत सांगण्यासारखं फार घडलं नाही. साठ-सत्तरच्या दशकात मात्र एकामागोमाग एक संस्था निघाल्या. मॅसॅच्युसेट्सच्या नॅनटकेट बेटावर १९६३ मधे, मेनच्या किनाऱ्यासाठी १९७० मधे, ब्लॉक आयलंडला १९७२ मधे (तिथे हिमनदीने खोदलेल्या एका खोलगट जागेवर घरं बांधायचा बेत होता, तो थांबवायला गावातले लोक एकत्र आले), आणि पार पश्चिमेला वॉशिंग्टन राज्याच्या सॅन वान बेटांवर १९७९ मधे. काम सगळीकडे सारखंच, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीटिंग, पत्रं हाताने लिहायची, वकील आपला ओळखीतला, जमीनमालकाशी बोलणी करणारा माणूस त्याला वीस-पंचवीस वर्षं ओळखणारा. तो काळ फार महत्त्वाचा होता असं मला मनापासून वाटतं, कारण बेटावर जमीन मिळते ती विश्वासावर. ज्याच्या आजोबांनी ते शेत घेतलं त्या म्हाताऱ्याला अनोळखी माणसाने पत्र पाठवून काही होत नाही.

आता टॅक्सची भानगड. इझमेंट म्हणजे जमिनीवरचा निर्बंध, जमीन मालकाकडेच राहते पण तिच्यावर बांधकाम वगैरे करायचं नाही असा करार तो संस्थेशी करतो, आणि तो पाळला जातो की नाही हे संस्था बघते. १९७६ मधे संसदेने जमिनीवरचे असे निर्बंध दान म्हणून वजावटीला धरायचं ठरवलं, तेव्हा तीस वर्षांची मुदतही चालत होती, दुसऱ्याच वर्षी ती काढली आणि निर्बंध कायमचेच हवेत असं आलं, आणि १९८० मधे ही सवलत कायद्यात पक्की बसली. इथे लोकांचं लक्ष सवलतीकडे गेलं, साहजिकच आहे, किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव वाढत होते आणि वारसांना इस्टेट टॅक्स भरायला जमीन विकावी लागायची. पण त्याच कायद्यात दुसरी बाजू होती, ती म्हणजे निर्बंध ज्या संस्थेकडे जातो तिच्यावरची जबाबदारी. १९८६ च्या नियमांत स्पष्ट आलं की संस्थेकडे हे निर्बंध पाळून घ्यायची बांधिलकी हवी आणि त्यासाठी लागणारी साधनंही हवीत. आणि त्याच नियमांत असंही लिहिलंय की त्यासाठी वेगळा निधी बाजूला काढलाच पाहिजे असं नाही. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. पैसा ठेवायची सक्ती नाही पण साधनं हवीत, मग बऱ्याच बोर्डांनी सोयीचा अर्थ घेतला की आपले स्वयंसेवक हीच आपली साधनं. दहा-बारा वर्षं ते निभलं.

ते का निभेनासं झालं हे पाहणीचं काम जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. निर्बंध घेतानाच जमिनीची मूळ स्थिती नोंदवून ठेवायची असते, नकाशा, फोटो, फोटो कुठे उभं राहून काढला ती जागा, कुठल्या दिशेला तोंड करून काढला ते. मग दरवर्षी तिथेच जाऊन तोच फोटो पुन्हा काढायचा. आधी हद्दीचा दगड शोधायचा, तो झुडपात गाडलेला असतो, दुसऱ्या कोपऱ्यात मोजणीवाल्याने ठोकलेला लोखंडी पाइप असतो तो पानांखाली जातो. छोट्या बेटाची जमीन असेल तर बोट लागते आणि भरती-ओहोटी बघून उतरावं लागतं. गोचीड अंगावर चढतात. एवढं करून बऱ्याचदा काहीच सापडत नाही, आणि एखाद्या वर्षी सापडतं की समुद्र दिसावा म्हणून कुणीतरी उतारावरची झाडं खालपासून छाटली आहेत. ही अगदी नेहमीची तक्रार आहे, पट्टा सरळ समोरच्या घराच्या खिडकीच्या रेषेत असतो. आता हे करणारा माणूस पाहणीला आलेल्या स्वयंसेवकाचा शेजारी आहे, दोघं हिवाळ्यात एकाच फेरीबोटीतून येतात-जातात, त्याच्या मुलीने याच्या बोटीवर काम केलंय. तो लिहिणार काय? बरेच जण मालकाशी दोन शब्द बोलून मिटवायचे आणि फाइलमधे "सर्व ठीक" लिहायचे. चुकीच्या हेतूने नाही, गावात राहायचं होतं म्हणून. पण जमीन मूळ दात्याच्या हातून विकली गेली की सगळं बदलतं, कारण ज्याने प्रेमाने सही केली तो मालक गेलेला असतो आणि नव्याने भाव मोजून विकत घेतलेल्या माणसाला तो निर्बंध नुसती अडचण वाटते, आणि तो वकील घेऊन येतो. मग "सर्व ठीक" लिहिलेली जुनी फाइल त्याच्याच उपयोगी पडते.

तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला अनेक बेटांवरच्या बोर्डांपुढे एकच ठराव आला, पगारी डायरेक्टर ठेवायचा की नाही. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वात मोठा निर्णय वाटतो, कुठल्याही जमीन खरेदीपेक्षा मोठा. ठेवावा म्हणणाऱ्यांचं म्हणणं वर आलंच. नको म्हणणाऱ्यांना आज जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारलं जातं, ते बरोबर नाही. त्यांचे मुद्दे भक्कम होते. एक, पगार द्यायचा तर दरवर्षी पैसे उभे करावे लागणार, म्हणजे जे उन्हाळ्यात सहा-आठ आठवडे येतात आणि मोठे चेक लिहितात त्यांच्या कलाने चालावं लागणार, आणि मग कुठली जमीन वाचवायची हेही हळूहळू त्यांच्या नजरेने ठरणार, म्हणजे दिसायला सुंदर डोंगरकडा आधी आणि गावाच्या विहिरींना पाणी पुरवणारी सपाट, कंटाळवाणी जमीन नंतर. दोन, बाहेरून आलेला डायरेक्टर तीन-चार वर्षांत पुढच्या नोकरीला जाणार, आणि मालकांशी जुळवलेले संबंध त्याच्याबरोबर जाणार. तीन, आणि हा मुद्दा उघडपणे कमी बोलला गेला, की बारमाही राहणाऱ्या लोकांना या कामातून जो मान मिळत होता तो जाणार. सुतार, मच्छीमार, शाळेतली शिक्षिका बोर्डावर होते कारण त्यांना जमीन माहीत होती, बजेट वाचता येतं म्हणून नव्हे.

शेवटी जवळजवळ सगळीकडे डायरेक्टर आला, आधी अर्धवेळ, मग पूर्णवेळ, मग पाहणीसाठी एक वेगळा माणूस. नको म्हणणाऱ्यांची भीतीही बऱ्याच ठिकाणी खरी ठरली. बोर्डाची रचना बदलली, बँकेतले, वकिलीतले निवृत्त लोक वाढले, आणि संध्याकाळच्या मीटिंगा उन्हाळ्यात जास्त आणि फेब्रुवारीत कमी होऊ लागल्या. पण पाहणी दरवर्षी होऊ लागली, हेही तितकंच खरं.

आणखी एक कारण होतं स्टाफ लागण्याचं, ते जमिनीतूनच आलं. नॅनटकेट आणि त्याच राज्यातलं मार्थाज व्हिनयार्ड बेट, इथली ती रेताड गवताळ मैदानं आणि झुडपी माळ, जे बघायला आज लोक येतात, ते शतकानुशतकं मेंढ्या चरल्यामुळे उघडे राहिले. मेंढ्या गेल्या तशी खुरटी ओक आणि पाइन वाढायला लागली. नुसती जमीन विकत घेऊन कुंपण घातलं की माळ राखला गेला असं होत नाही, कापणी करावी लागते, वारा आणि ओलावा बघून मुद्दाम आग लावावी लागते, त्याला परवानगी लागते आणि शिकलेली माणसं लागतात. शनिवारी सकाळी हातमोजे घालून येणारे स्वयंसेवक बाहेरून आलेल्या वेली उपटू शकतात, आग लावू शकत नाहीत.

याच काळात एक वेगळा प्रकार सुरू झाला त्यामुळे नकाशा आणखी गुंतला. १९८३ च्या कायद्याने नॅनटकेटमधे जमीन खरेदी-विक्रीवर २ टक्के शुल्क लागलं, ते खरेदी करणाऱ्याने भरायचं आणि त्यातून मोकळ्या जमिनी घ्यायच्या. देशात असं पहिल्यांदाच झालं. मार्थाज व्हिनयार्डने १९८६ मधे तेच केलं, सॅन वान कौंटीत १९९० मधे मतदारांनी १ टक्का मंजूर केला. आता हे शुल्क घेऊन जमिनी घेणाऱ्या या सार्वजनिक संस्था, त्यांचे सदस्य नॅनटकेट आणि व्हिनयार्डला लोक निवडून देतात, पण सदस्य स्वतः गावकरीच आणि रोजचं काम स्टाफचं. त्यामुळे एकाच बेटावर देणग्यांवर चालणारी खाजगी संस्था आणि शुल्कावर चालणारी सरकारी संस्था शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, कधी एकाच जमिनीत दोघींचा पैसा, आणि गावातल्या माणसाला कोण कोणाचं ते कळेना. तक्रार मात्र दोघींविरुद्ध एकच, १९१३ चीच.

पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय. २००३ मधे एका मोठ्या दैनिकाने एका अवाढव्य राष्ट्रीय संस्थेच्या व्यवहारांवर लेखमाला छापली, आतल्याच लोकांना जमिनी विकणं वगैरे, सिनेटची चौकशी लागली, आणि त्याचा फटका काहीही न केलेल्या बेटांवरच्या लहान संस्थांनाही बसला. बेटावर हितसंबंधांचा नियम पाळणं किती अवघड आहे हे बाहेरच्यांना पटत नाही, सात माणसांच्या बोर्डात तीन जण तरी कुठल्यातरी जमिनीच्या शेजारचे असतातच. २००६ मधे एकीकडे टॅक्सची वजावट वाढली, आधी उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत होती ती ५० झाली, आणि दुसरीकडे अशा संस्थांना देशपातळीवर मान्यता द्यायची पद्धत ठरली, २००८ मधे पहिल्या मान्यता मिळाल्या. मान्यतेला कागद लागतात, ढीगभर, आणि कागद स्टाफच करू शकतो. २०१३ पासून निर्बंध मोडल्यास कोर्टाचा खर्च उचलणारा सामायिक विमाही आला. म्हणजे स्टाफशिवाय चालवायचा रस्ता आता जवळजवळ बंदच झाला. पूर्ण स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्था अजून आहेत, आणि त्यातल्या काही उत्तम चालतात, पण त्यांना मान्यतेच्या दारात उभं राहायला फार जोर लावावा लागतो.

आणि आता घरांचा प्रश्न. ज्या संस्थांनी नॅनटकेटवरची निम्म्याहून जास्त जमीन राखून ठेवली, त्यांच्याच स्टाफला बेटावर राहायला घर परवडत नाही. दोष सगळा राखलेल्या जमिनीचा नाही, सुट्टीपुरत्या घेतलेल्या दुसऱ्या घरांचा आणि सुट्टीच्या भाड्यांचा त्यात मोठा हात आहे, पण बोलणी संस्थांनाच बसतात कारण त्यांची पाटी रस्त्यावर दिसते. काही संस्थांनी स्वतःच स्टाफसाठी घरं घेतली आहेत. सॅन वानमधे २०१८ मधे मतदारांनी घरांसाठी आणखी अर्धा टक्का शुल्क मंजूर केलं. मॅसॅच्युसेट्समधे बेटांनी वर्षानुवर्षं मागणी करूनही २०२४ च्या घरबांधणी कायद्यातून घरांसाठी असं शुल्क लावू देणारं कलम शेवटी वगळलं गेलं, आणि मला तो फार वाईट निर्णय वाटतो, कारण जमिनीसाठी २ टक्के चालतात हे चाळीस वर्षं सिद्ध झालेलं होतं.

त्यामुळे सध्या बोर्डाच्या टेबलावर जे विषय आहेत ते टॅक्स कायद्यातल्या त्या "कायमचे" अटीपाशीच परत जातात. नव्या करारांत एखाद-दोन घरांपुरता कोपरा आधीच वगळून ठेवायची पद्धत पडते आहे. जुन्या करारांत तशी सोय नाही. मॅसॅच्युसेट्समधे असा निर्बंध सैल करायचा तर नुसतं संस्थेचं "हो" पुरत नाही, सार्वजनिक सुनावणी लागते, गावाच्या निवडलेल्या मंडळाची मंजुरी लागते आणि राज्याच्या पर्यावरण खात्याच्या सचिवांचीही. ज्यांनी त्या जुन्या करारांवर बोर्डातर्फे सह्या केल्या ते स्वयंसेवक आज ऐंशीच्या घरात आहेत, काही अजून मीटिंगला येतात, आणि डायरेक्टर लोकांनी त्यांच्याकडून एकेका जमिनीची हकीकत आत्ताच लिहून घ्यावी असं मला वाटतं, कारण मालकाने सही करताना घराबद्दल काय बोललं होतं हे बऱ्याच फाइलींत लिहिलेलंच नाही.