निम्म्या माणसांना न विचारता आखलेलं निसर्गरक्षण

फिलिपाइन्सच्या मध्य भागात, बोहोल बेटाच्या उत्तरेला डानाहोन बँक नावाचा प्रवाळखडकांचा मोठा पट्टा आहे. ओहोटी लागली की किनाऱ्यालगतचे खडक आणि समुद्री गवताचे पट्टे उघडे पडतात. मग गावातल्या बायका आणि मुलं टोपल्या घेऊन त्या ओल्या भागात उतरतात. वाळूवरच्या बारीकशा भोकावरून खाली शिंपला आहे हे ओळखायचं, दगड उलटून त्याखाली खेकडा किंवा समुद्रकाकडी आहे का ते बघायचं, आणि भरतीचं पाणी चढायच्या आत परतायचं. होडी लागत नाही, जाळं लागत नाही. घरात त्या दिवशी खायला काय असणार, हे बऱ्याचदा या टोपलीवर ठरतं.

पण मासेमारीची मोजणी बहुतेक ठिकाणी धक्क्यावर होते. होडीतून जो माल उतरतो तो वजन करून वहीत चढतो. चालत जाऊन वेचून आणलेलं, आणल्यावर लगेच चुलीवर चढलेलं, त्या वहीत येत नाही. डानाहोन बँकेच्या गावांमध्ये डॅनिका क्लायबर आणि सहकाऱ्यांनी ही वेचणीसुद्धा मासेमारीच आहे असं धरून मोजणी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की समुद्रातून अन्न काढणाऱ्यांत ४२ टक्के स्त्रिया होत्या आणि एकूण उत्पन्नातला साधारण चौथा हिस्सा त्यांचा होता. बायकांना वगळलं की समुद्रातून निघणाऱ्या अन्नाचा चौथा भागच हिशोबाबाहेर राहतो. एखाद्या किनाऱ्यावरचा उपसा झेपण्याइतका आहे की जास्त, हे अशा आकड्यांवरून कसं ठरवणार? शिवाय होडीवाले जे पकडतात आणि पायी वेचणारे जे वेचतात, त्यांत जातीही वेगळ्या असतात. त्यामुळे जे मोजायचं राहतं ते नुसतं वजन नसतं. शिंपले, गोगलगायी, खेकडे असे जीवांचे अख्खे गट नजरेआड राहतात.

हेच गणित जगाच्या पातळीवर मांडायचा प्रयत्न २०२० मध्ये झाला. त्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २१ लाख स्त्रिया छोट्या प्रमाणावरच्या सागरी मासेमारीत थेट उतरतात आणि वर्षाला सुमारे २९ लाख टन मासळी व इतर समुद्री जीव काढतात. छोट्या मासेमारीत उतरणाऱ्या एकूण माणसांत या स्त्रियांचं प्रमाण जवळपास ११ टक्के भरतं.

समुद्राचं उदाहरण आधी घेतलं त्याला कारण आहे. जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय चर्चेत स्त्री-पुरुष समानतेचा विषय आला की तो न्यायाचा विषय म्हणून येतो, आणि न्यायाचा म्हणून कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी ढकलला जातो. माझ्या मते न्याय हे एकच कारणसुद्धा पुरेसं आहे. पण ज्यांना ते पुरत नाही त्यांनी निदान विज्ञानाच्या बाजूने तरी बघावं. माणसं आणि निसर्ग यांच्यातला व्यवहार मोजताना निम्मी माणसं सोडली, तर हाती येणारं निसर्गाचं चित्रच चुकतं.

करारात हे अगदी सुरुवातीपासून लिहिलेलं आहे. जैवविविधता करार १९९२ मध्ये रिओ द जानेरोच्या वसुंधरा परिषदेत सह्यांसाठी खुला झाला आणि २९ डिसेंबर १९९३ पासून अमलात आला. आज १९५ देश आणि युरोपीय संघ त्यात सामील आहेत. अमेरिका नाही. जैवविविधता जपण्यात आणि तिचा टिकाऊ वापर करण्यात स्त्रियांची भूमिका कळीची आहे, आणि धोरण ठरवण्यापासून राबवण्यापर्यंत प्रत्येक पातळीवर त्यांचा पूर्ण सहभाग हवा, असं कराराची प्रस्तावना सांगते. अडचण इतकीच की हे आहे प्रस्तावनेत. देशांवर जबाबदारी टाकणारी कलमं त्यानंतर सुरू होतात.

स्त्री-पुरुष समानतेसाठी कराराचा पहिला कृती आराखडा यायला २००८ ची बॉन परिषद उजाडली. २०१० मध्ये जपानमध्ये जैवविविधता जपण्यासाठी २०२० पर्यंत गाठायची वीस ‘आइची लक्ष्यं’ ठरली, त्यांतल्या फक्त चौदाव्या लक्ष्यात स्त्रियांचा उल्लेख होता. तोही आदिवासी, स्थानिक समुदाय, गरीब आणि दुर्बल घटक यांच्या यादीत. २०२० मध्ये हिशोब झाला तेव्हा विसांपैकी एकही लक्ष्य जागतिक पातळीवर पूर्णपणे गाठलेलं नव्हतं. स्त्रियांना डावलल्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला पुरावा नाही. पण देशांनी आपापले आराखडे कसे केले होते ते बघण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, १९९३ ते २०१६ या काळातले १७४ देशांचे २५४ राष्ट्रीय आराखडे तपासले. स्त्रिया किंवा लिंगभाव यांच्याशी संबंधित एखादा तरी शब्द त्यांतल्या ५६ टक्के आराखड्यांत सापडला. उरलेल्यांत तोही नाही. जिथे उल्लेख होता तिथे स्त्रिया बहुतेक वेळा ‘संबंधित घटक’ किंवा ‘दुर्बल घटक’ म्हणून आल्या होत्या. बदल घडवणाऱ्या म्हणून त्यांच्याकडे पाहणारे आराखडे अगदी मोजके निघाले.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला कराराच्या परिषदेत जे झालं ते मोठं होतं. तिथे मंजूर झालेल्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यात चार दीर्घकालीन उद्दिष्टं आणि २०३० पर्यंतची २३ लक्ष्यं आहेत. त्यांतलं तेविसावं लक्ष्य संपूर्णपणे स्त्री-पुरुष समानतेचं आहे. जमीन आणि नैसर्गिक संसाधनांवर स्त्रिया आणि मुलींचे समान हक्क मान्य करायचे आणि निर्णयप्रक्रियेत त्यांना सहभागाबरोबर नेतृत्वही मिळेल अशी व्यवस्था करायची, असं ते सांगतं. हे लक्ष्य कोणी आपण होऊन बहाल केलेलं नाही. पहिल्या मसुद्यात ते नव्हतं. कराराच्या बैठकांना येणाऱ्या स्त्री संघटनांचा गट त्याच्या मागे लागला, कोस्टारिकाने ते अधिकृतपणे मांडलं आणि एकेक देश पाठीशी उभा राहिला. अशा वाटाघाटींत ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात ठेवतात, आणि कंसातला मजकूर शेवटच्या रात्री सहज गळू शकतो. कंसातून सुटून अंतिम मजकुरात पोचणं किती अवघड असतं, हे या बैठका जवळून पाहणाऱ्यांना विचारावं.

पण खरंच फरक पडतो का? समितीत बायका बसल्या म्हणून जंगल जास्त वाढतं का? याचं सर्वांत नेटकं उत्तर माझ्या पाहण्यात अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांच्या कामात आहे. त्यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या सामूहिक वनव्यवस्थापन गटांचा अभ्यास केला. कार्यकारी समितीत स्त्रियांचं प्रमाण जास्त असलेल्या गटांच्या जंगलाची स्थिती अधिक सुधारलेली दिसली. नेपाळमध्ये काही समित्या संपूर्णपणे स्त्रियांच्या होत्या. त्यांच्या वाट्याला आलेली जंगलं इतरांपेक्षा लहान आणि जास्त उजाड होती. तरीही तिथली नवी वाढ आणि झाडांची दाटी इतर गटांपेक्षा चांगली निघाली.

यात चमत्कार काही नाही. सरपण आणि चाऱ्यासाठी रोज जंगलात कोण जातं? ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांनाच ते कसे ठरले, का ठरले हे माहीत नसेल, तर नियम मोडले जातात, आणि मोडणारी एकटी पडते. बायका समितीत असल्या की बंदीचे दिवस किती असावेत, वाळलेलं सरपण उचलायची मुभा कधी असावी, हे व्यवहाराला धरून ठरतं. ते इतर बायकांपर्यंत पोचतं, आणि राखणीला डोळे वाढतात. अगरवाल यांना आणखी एक गोष्ट दिसली. समितीत एखाददुसरी बाई असेल तर ती बहुधा गप्प बसते. साधारण पाव ते एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या की त्या बैठकांना येतात आणि बोलतात. एका बाईला प्रतिनिधी म्हणून बसवून काम झालं असं समजणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे वाचायला हवं.

यावर कोणी म्हणेल की जिथे स्त्रिया समितीत येतात ती गावंच मुळात वेगळी असतील. शंका रास्त आहे. म्हणून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग महत्त्वाचा ठरतो. इंडोनेशिया, पेरू आणि तान्झानियातल्या ३१ गावांतल्या ४४० लोकांना गटागटाने एक खेळ खेळायला दिला. सामायिक जंगलातली किती झाडं तोडायची हे त्यांनी ठरवायचं. काही गटांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव होत्या, काहींत नव्हत्या, आणि कोणता गट कसा हे अभ्यासकांनी ठरवलं होतं. पुढे झाडं राखली तर मोबदला मिळेल असं जाहीर झालं. मोबदला आल्यावर आरक्षण असलेल्या गटांनी जास्त झाडं राखली, आणि मिळालेला पैसाही अधिक समान वाटला.

इथे एका सापळ्यापासून सावध राहावं लागतं. ‘स्त्री ही निसर्गाच्या जवळ असते, जपणं तिच्या स्वभावातच आहे’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्याचा शेवट बहुतेक वेळा झाडं लावण्याचं आणखी एक बिनपगारी काम तिच्या अंगावर पडण्यात होतो. शिवाय ते पुराव्याला धरूनही नाही. २४ विकसनशील देशांतल्या सुमारे आठ हजार कुटुंबांच्या माहितीवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासात, वनोपज गोळा करण्यात पुरुषांचा वाटा समजला जातो त्यापेक्षा बराच मोठा असल्याचं दिसलं, आणि आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका यांचं चित्र एकमेकांपेक्षा वेगळं निघालं. म्हणून गृहीत धरायचं नाही, प्रत्येक ठिकाणी विचारायचं आणि मोजायचं. त्यातही सगळ्या बायका एकसारख्या नसतात. जमीनवाल्या घरातली सून आणि तिच्याच शेतावर राबणारी मजूर यांचा निसर्गाशी संबंध एकच कसा असेल?

विचारल्यावर काय हाती लागतं त्याचा एक नमुना रवांडातला आहे. तिथे घेवडा हे मुख्य पीक, आणि शेतकरी कुटुंबं एकाच शेतात अनेक वाणांचं मिश्रण पेरतात. कोणत्या उताराला, कोणत्या मातीला, कोणत्या हंगामाला कसं मिश्रण हवं, हे ज्ञान मुख्यतः बायकांकडे असतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या संशोधकांनी घेवड्याच्या जाणकार शेतकरी स्त्रियांना संशोधन केंद्रावर बोलावलं आणि प्रयोगाच्या वाफ्यांतून त्यांना हवे ते वाण निवडायला सांगितलं. त्यांनी निवडलेले वाण त्यांच्या स्वतःच्या शेतात पैदासकारांच्या निवडीपेक्षा सरस ठरले.

आता पुढच्या काळजीकडे येतो. माँट्रियलच्या आराखड्यातलं सर्वांत गाजलेलं लक्ष्य तिसरं आहे : २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा. मी त्याच्या बाजूने आहे. पण नकाशावर रेषा कुठे ओढायची हे कोण ठरवणार? गावाजवळचा ओहोटीचा पट्टा बंद केला तर होडीवाला आणखी थोडा पुढे जाईल. पायी वेचणारी कुठे जाईल? उलट तिच्यासह ठरवलं तर काय होतं हे फिजीमधल्या उदुनिवानुआ गावात दिसलं. तिथे ‘कैकोसो’ नावाचा शिंपला मुख्यतः बायका वेचतात, आणि तो कमी होत चालला होता. १९९७ मध्ये गावाने २४ हेक्टरचा पट्टा स्वतःहून बंद ठेवला. शिंपले मोजायला गावकरी शिकले आणि दरवर्षी स्वतः मोजत राहिले. २००४ पर्यंत बंद पट्ट्यात कैकोसो तेरा पटींनी वाढले, आणि वेचणीसाठी खुल्या असलेल्या शेजारच्या भागातही पाच पटींनी.

पैशाचा प्रश्न तर आणखी कठीण. २०३० पर्यंत जैवविविधतेसाठी वर्षाला २०० अब्ज डॉलर उभे करायचे असं एकोणिसावं लक्ष्य म्हणतं. यातला पैसा जेव्हा जंगल किंवा शेतजमीन राखल्याचा मोबदला म्हणून गावात येईल, तेव्हा तो जमीन ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यात जमा होण्याची शक्यता जास्त. आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या शेतजमीनधारकांत स्त्रियांचं प्रमाण १५ टक्क्यांपेक्षाही कमी आहे. तेविसाव्या लक्ष्यात जमिनीच्या हक्काचा उल्लेख घालण्यासाठी एवढी झटापट का झाली, ते यावरून लक्षात येईल. प्रशिक्षण शिबिरं भरवून हा प्रश्न सुटत नाही, तो जमिनीच्या नोंदवहीतच सोडवावा लागतो.

प्रगती मोजायची चौकट फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमच्या बैठकीत पक्की झाली. तीत तेविसाव्या लक्ष्याचा मुख्य निर्देशक हो-नाही प्रश्नांच्या उत्तरांवर उभा आहे : देशाने समानतेच्या कृती आराखड्यासाठी धोरण, कायदा किंवा यंत्रणा केली आहे का, वगैरे. निर्देशकच नसण्यापेक्षा हे बरं, पण ‘हो’ लिहिणं फार सोपं असतं. धोरण असलेल्या देशात ओहोटीला उतरणारी बाई मोजली जातेच असं नाही.

२०२६ हे वर्ष जागतिक आढाव्याचं ठरलं आहे. देशांचे राष्ट्रीय अहवाल आणि त्यानंतर आर्मेनियात येरेवानला कराराची सतरावी परिषद. अहवाल सार्वजनिक असतात, कोणालाही वाचता येतात. माझं सांगणं एवढंच की तेविसाव्या लक्ष्याचं पान शेवटी उघडावं. आधी तिसऱ्या लक्ष्याचं उघडावं आणि पाहावं, की संरक्षित क्षेत्रांच्या समित्यांत स्त्रिया किती, हे आकड्यात दिलंय का. मग शेती, मासेमारी आणि वनांचं दहावं : तिथले आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे मांडलेत का. जनुकीय संपत्तीच्या, म्हणजे बियाणं आणि इतर सजीवांतल्या जनुकांच्या, वापरातून होणारा लाभ वाटण्याचं तेरावं : वाटपात बियाणं राखणाऱ्या बायकांना काही मिळालं का. आणि एकोणिसावं : पैसा शेवटी कोणाच्या खात्यात गेला.