हाताला हलकं, डोक्यावर जड

नवतपा सुरू होता. या दिवसांत नागपूरचं ऊन सकाळी आठलाच चावायला लागतं, म्हणून काकांनी कडुनिंब छाटायचा मुहूर्त साडेसहाचा काढला. पावसाआधीच्या वादळात एखादी फांदी गच्चीवरच्या टाकीवर पडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. भाड्यानं पोल सॉ आणली होती, बॅटरीवाली. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला छोटी चेन सॉ, एवढंच ते प्रकरण. काकांच्या पायात स्लीपर, डोक्याला दुपट्टा, त्याची दोन्ही टोकं छातीवर लोंबत होती.

"काका, जरा थांबा ना."

"अबे, दुरूनच तर कापायचं आहे. काय होते?"

हा 'दुरूनच' मात्र फसवा आहे. घरचा झाडू घ्या, टोकाला पाण्यानं भरलेली लिटरची बाटली बांधा आणि दुसऱ्या टोकाला धरून आडवा उचलून पाहा. बाटली एक किलोचीच, पण मनगट दोन मिनिटांत हार मानतं. पोल सॉचं तेच. समजा टोकाचं वजन 2 किलो आहे आणि ते पुढच्या हातापासून अडीच मीटरवर आहे. मागचा हात पुढच्या हाताच्या 60 सेंटिमीटर मागे असेल, तर त्याला दांडा साधारण 8 किलोच्या जोरानं खाली दाबून धरावा लागतो, आणि पुढच्या हातावर 10 किलो येतात. दांड्याचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. बऱ्याच मशीनमध्ये बॅटरी मागच्या टोकाला असते ती तोल साधायलाही उपयोगी पडते, आणि खांद्याचा पट्टा दिलेला असतो तो शोभेचा नसतो.

आता दांडा वर उचला. जमिनीशी 60 अंशांचा कोन झाला की मागच्या हातावरचा जोर निम्मा होतो. 80 अंशांवर तो दीड किलोच्याही खाली येतो. वा, काय हलकं झालं! पण त्याच वेळी करवतीचं टोक तुमच्यापासून आडव्या रेषेत किती लांब राहिलं? आडवा दांडा असताना अडीच मीटर, 60 अंशांवर सव्वा मीटर, आणि 80 अंशांवर जेमतेम दीड फूट. म्हणजे जो कोन दमलेल्या हाताला सुखाचा, तोच तुम्हाला फांदीच्या खाली नेऊन उभा करतो. हे कोणी ठरवून करत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी खांदे भरून येतात आणि पाय आपोआप एकेक पाऊल पुढे सरकतात. मशीनच्या पुस्तिकेत '60 अंशांपेक्षा उभा धरू नका' असं छापलेलं असतं, त्याच्या मागे ही गंमत आहे.

साडेतीन मीटरवरून सुटलेली फांदी उभ्या माणसाच्या डोक्याशी पोचायला साधारण 0.6 सेकंद घेते. त्यातला पाव सेकंद तर 'अरे, सुटली' हे मेंदूला कळून हात-पाय हलायला लागेपर्यंतच जातो. उरलेल्या वेळात दोन्ही हातांत मशीन, नजर वर आणि पायाखाली आधी पाडलेल्या फांद्या. पळणार कुठे? शिवाय फांदी सरळ खाली येतेच असं नाही. पाल्याचा शेंडा आधी जमिनीला टेकला की बुंध्याकडचं टोक उसळतं, कधी दांड्यावरून घसरत थेट हातांकडे येतं. म्हणून फांदीच्या बाजूला उभं राहायचं, मागे सरकायची वाट आधीच झाडून ठेवायची, आणि बघ्यांना 15 मीटर लांब पाठवायचं. शेजारची पोरं त्यात आधी.

काकांची पहिली फांदी तरी अडकलीच. त्यांनी खालून कापायला घेतली आणि निम्म्यापर्यंत गेले. आडव्या फांदीचं वजन शेंड्याकडे असतं, त्यामुळे तिची वरची बाजू ताणलेली आणि खालची दाबलेली असते. खालून खोल कापलं की ती चीर मिटते आणि बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, चिमट्यात सापडतो. नुसतं वरून कापलं तर दुसरीच पंचाईत. ताणलेले तंतू शेवटी एकदम फाटतात, आणि साल खोडापर्यंत सोलत जाते. यावरचा उपाय तीन कापांचा. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून जाडीच्या पाव भागाइतकी चीर, मग तिच्या थोडं बाहेर वरून पूर्ण काप. ओझं उतरलं की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर तिसरा काप देऊन काढायचा. त्या फुगीर कड्याला हात लावायचा नाही, जखम भरून यायला तिथूनच सुरुवात होते.

चेनची दिशाही ओळखून असावी. वरून कापताना बारच्या खालच्या कडेची चेन करवतीला फांदीकडे ओढते, म्हणून बारच्या मुळाशी असलेला आकडा फांदीला टेकवला की काम सोपं जातं. खालून कापताना तीच मशीन तुमच्याकडे ढकलली जाते. आणि बारचं नाक दुसऱ्या फांदीला लागलं तर अख्खा दांडा हिसका देतो. जमिनीवर पाय रोवून उभ्या माणसाला हा हिसका झेपतो. शिडीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर चढलेल्याला झेपत नाही.

दुपट्ट्याबद्दल माझं काकांशी थोडं वाजलं. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपट्ट्याविरुद्ध बोलणं म्हणजे संत्र्याला नावं ठेवण्यासारखंच. पण त्याची लोंबती टोकं फांदीत आणि पट्ट्यात अडकतात, खाली ठेवलेल्या मशीनच्या चेनमध्येही जाऊ शकतात. शेवटी टोकं शर्टात खोचली, वर हेल्मेट. उन्हाचा गॉगल बाजूंनी उघडा असतो आणि वर बघताना भुसा नेमका तिथूनच डोळ्यांत येतो, म्हणून बंद कडांचा चष्मा. स्लीपरच्या जागी बूट आले.

खरा वाद झाला तो रस्त्याकडच्या फांदीवरून. तिच्यापासून हातभर अंतरावर विजेच्या उघड्या तारा. कॉलनीतल्या अशा तारांमध्ये दोन तारांत 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो, मोठ्या लाइनमध्ये 11,000 व्होल्ट. पोल सॉचा दांडा बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. कार्बन फायबरचा असला तरी तोही वीज वाहून नेतो. ओली, हिरवी फांदीही थोडीफार नेतेच. घामानं भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या घरात येऊ शकतो. म्हणजे एक तार आणि जमीन यांतल्या 230 व्होल्टलाही 0.23 अँपिअर प्रवाह, आणि हृदयाची लय बिघडायला 0.1 अँपिअर पुरतो. घरातला ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, रस्त्यावरच्या तारेपासून वाचवत नाही. पुस्तिका तारांपासून 10 ते 15 मीटर दूर राहायला सांगतात. धरमपेठेसारख्या जुन्या वस्तीत एवढं अंतर मिळणं कठीणच, त्यामुळे ही फांदी आपली नाहीच. वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर फोन करून पुरवठा बंद करून घ्यायचा आणि काम त्यांच्या माणसांवर सोडायचं. परवानगीचंही तसंच. 1975 चा वृक्ष कायदा शहरातल्या झाडांना लागू आहे, तेव्हा करवत लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारलेलं बरं.

साडेआठला आम्ही थांबलो. काकांनी मशीन थेट पेटीत ठेवायला घेतली, तेव्हा मी आधी बॅटरी काढली आणि मग चेन जरा ढिली केली. घर्षणानं तापलेली चेन लांबते आणि आपण ती काम करताना कसत जातो. गार झाल्यावर ती आखडते आणि कसलेली राहिली तर बार आणि मोटरच्या शाफ्टला ओढ बसते. काकांनी हातमोजा घालून चेन बारखालून ओढून पाहिली, म्हणाले, "आता सायकलच्या चेनवानी झाली."

तारेकडची फांदी अजून तशीच आहे. फोन केला आहे.