पथनाट्य आणि बायकांचे हक्क (सांगली-सातारा)

पथनाट्य म्हणजे जिथं माणसं आधीच जमलेली असतात तिथं जाऊन केलेलं नाटक. पार, बाजार, शाळेचं पटांगण, एसटी स्टँड, कुठंही चालतं. तिकीट नाही, पडदा नाही, लाईट नाही, साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. बायकांच्या हक्कांसाठी ते वापरायचं म्हणजे घराच्या चार भिंतीत जे चालतं, मारहाण, हुंडा, मुलगी नको म्हणून केलेली तपासणी, टाकून दिलेली बाई, ते चौकात आणून सगळ्या गावासमोर दाखवायचं आणि मग त्यावर बोलायला लावायचं. हे बोलायला लावणं जास्त महत्त्वाचं, नाटक हे त्याचं निमित्त.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांमुळं, 5 नोव्हेंबर 1843 ला त्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ केलं आणि तोच दिवस आता मराठी रंगभूमी दिन आहे. पण बाईच्या प्रश्नाशी जोडायचं तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ (1899) आधी घ्यायला पाहिजे, म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधायच्या चालीवर त्या काळात उघड बोट ठेवलं त्यांनी. इथं एक गैरसमज कायम ऐकायला मिळतो की शारदा कायदा या नाटकावरून आला, तसं नाहीये. 1929 च्या त्या बालविवाह कायद्याला लोक ज्यांच्या नावानं ओळखतात ते अजमेरचे हरबिलास सारडा. लोकांच्या डोक्यात दोन्ही एक झाले यावरून नाटक किती खोल गेलं होतं ते मात्र कळतं.

त्याच्याही आधी जोतिराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव, म्हणजे दोघंही सातारा जिल्ह्याचेच म्हणायला हरकत नाही. नाटकात ज्योतिष सांगणारा जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि शेवटी ती नवरा-बायको शिकायला निघतात. दोघं मिळून! त्या काळात हे लिहिणं साधं नव्हतं. मराठी पुस्तकांना सरकारी बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. पुढं फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे जलसे, म्हणजे गाण्या-संवादांतून प्रबोधन करणारे खेळ, गावोगाव फिरले, आणि वाटेगावच्या (ता. वाळवा) अण्णाभाऊ साठ्यांनी 1944 मध्ये मुंबईत साथीदारांबरोबर लाल बावटा कलापथक काढून लोकनाट्याला कामगारांचा आवाज दिला. आजच्या पथनाट्यातली हलगी, मधेच गाणं, थेट लोकांना विचारलेला प्रश्न, हे सगळं या जलशा-तमाशातूनच आलंय, दिल्लीहून किंवा परदेशातून नंतर आलं ते वेगळं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र खटकते. बराच काळ बाईचं दुःख रंगमंचावर पुरुष सांगत होते, शारदेचं कामसुद्धा लुगडं नेसून पुरुषच करायचे. हे बदललं ते 1975 नंतरच्या स्त्रीमुक्ती चळवळीत. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ 1983 चं, त्यात कार्यकर्त्या बायाच उभ्या राहिल्या. सुषमा देशपांड्यांच्या ‘व्हय मी सावित्रीबाई’ या एकपात्रीनं सावित्रीबाईंना पुतळ्यातून बाहेर काढून आपल्याशी बोलायला लावलं. सांगलीत तर याच्याही पुढचं पाऊल पडलं, वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी, म्हणजे प्रत्यक्ष धंदा करणाऱ्या बायकांनी, सुषमाताईंच्याच दिग्दर्शनाखाली स्वतःच्या आयुष्यावर नाटक केलं. आमची दया करू नका, आमचं ऐका, असं ते काम आहे, आणि माझ्या मते या जिल्ह्यानं रंगभूमीला दिलेल्या मोठ्या गोष्टींत ते धरलं पाहिजे.

इथं हा विषय एवढा जळता का, तर 2001 आणि 2011 च्या दोन्ही जनगणनांत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली नऊशेच्या आत होत्या. 2017 च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला 19 भ्रूण पुरलेले सापडले. साताऱ्यात नको असलेल्या मुलीचं नाव ‘नकुशी’ ठेवायची रीत होती, 2011 मध्ये अशा 285 मुलींना नवी नावं दिली गेली.

करतात कसं? आधी हलगी वाजवायची, पोरं गोळा होतात, पोरांमागून बाया येतात. वेळ चुकली की खेळ फसला, संध्याकाळी सातला बाई चुलीपुढं असते, म्हणून एकतर चारच्या सुमाराला नाहीतर जेवणं उरकल्यावर. सामान म्हणजे एक ओढणी, तीच पदर, तीच पाळणा, तीच फास. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर नाट्यदिग्दर्शक अतुल पेठ्यांनी अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांना शिकवलेलं रिंगणनाट्य याच साधेपणावर उभं आहे, लोक गोल बसतात आणि मधे खेळ. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलची पद्धत अजून पुढं जाते, खेळ मधेच थांबवून प्रेक्षकालाच पात्राच्या जागी उभं करतात.

ती पद्धत वाळव्याकडच्या एका गावात मी पाहिली. मार खाल्लेली सून पिशवी घेऊन दारात उभी, खेळ थांबवला आणि करणारीनं विचारलं, हिनं आता काय करावं? पुढच्या बाप्यांनी पटापट उत्तरं दिली, माहेरी जावं, पोलिसात जावं. मागं देवळाच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी तोंडावरचा पदर न काढता म्हणाली, “माह्यारी जाऊन? भावजय किती दिस ठिवंल?” सगळं गप झालं. मग एकेक बाई बोलायला लागली, घर कुणाच्या नावावर, रेशनकार्ड कुणाचं, पोरं कुणाकडं. वीस मिनिटांचं नाटक आणि दीड तास बोलणं.

सरकारी योजनेच्या जाहिरातीसाठी ठेक्यानं केलेली पथनाट्यं यात धरावीत का, मला नाही वाटत. शेवटच्या दोन मिनिटांत नवरा सुधारतो, हेल्पलाईनचा नंबर सांगतात, फोटो काढतात आणि गाडी पुढच्या गावाला, बाईला बोलायला जागाच राहत नाही. चांगले गट दुसऱ्या दिवशी त्याच गावात परत जातात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, त्याच घरात राहायचा हक्क मागता येतो, हे बचत गटाच्या बैठकीत बसून सांगतात, कारण चौकात गप्प बसलेली बाई बऱ्याचदा तिथं येऊन हळूच विचारते, ती कालची सून, तिनं पुढं काय केलं?