काश्मीरचा बर्फ, चोर्ल्याचं पाणी आणि तळहाताएवढा टायर

माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, फौजेत ड्रायव्हर आहे. बेळगावच्या मराठा सेंटरमधून ट्रेनिंग करून बाहेर पडला तो थेट वर गेला, आणि काश्मीर-लडाखच्या रस्त्यावर ट्रक चालवत त्यानं सात-आठ हिवाळे काढलेत. मागच्या जुलैत तो सुट्टीवर आला होता आणि त्याच दिवसांत मी आईला घेऊन कणकुंबीहून खानापूरला परत येत होतो. पाऊस कसा असतो तिकडं ते त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको, वायपर फुल स्पीडला आणि तरी पुढचं दिसंना. जांबोटीच्या अलीकडं एका वळणावर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, स्पीड पन्नासच्या आतच होता, आणि गाडीचं मागचं अंग आपोआप उजवीकडं फिरायला लागलं. मी स्टेअरिंग काय केलं ते मला आजपण आठवत नाही. गाडी अर्धी फिरून कडेच्या झुडपाला टेकून थांबली. समोरून काही येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

घरी आल्यावर दादानं काही न बोलता टॉर्च घेतली, गाडीमागं उकिडवा बसला, मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "अरे, हा तर गोटा झालाय. ह्या टायरवर तू आत्तीला घेऊन आलास?" मी सांगितलं की पुढचे दोन टायर गेल्याच वर्षी नवीन घातलेत. "पुढं घातलास, तिथंच चुकलास," म्हणाला. त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही बारा वाजेपर्यंत टायरवरच बोलत बसलो, आणि नंतर मी स्वतः वाचत गेलो तसं लक्षात आलं की गाडी घेताना आपण मायलेज बघतो, कलर बघतो, टचस्क्रीन बघतो, खरं गाडी रस्त्याला जिथं धरून असते तिथं कुणी बघतच नाही.

गाडी रस्त्याला किती धरून असते ह्याचा हिशोब अगदी सोपा आहे. माणसं धरून १२०० किलोची गाडी म्हटली तर एका चाकावर ३०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचा दाब. ३०० ला सव्वादोननं भागा, १३३ चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे आपला तळहात. चार टायर, चार तळहात, आणि त्यावर अख्खं घर बसून चोर्ला घाट उतरतंय. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो हा तळहात. एबीएस असलं तरी तेच, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण टायरच्या अंगात नसलेली पकड ते कुठून आणणार?

आता ही पकड रस्त्याप्रमाणं किती बदलते ते बघा. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.७ च्या आसपास धरतात, ओल्या रस्त्यावर तो ०.४ पर्यंत उतरतो आणि बर्फाच्या काचेसारख्या थरावर जेमतेम ०.१. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्यावर २० मीटरमध्ये थांबते, ओल्यावर ३५ मीटर घेते आणि बर्फावर १४० मीटरच्या पुढं जाते. ह्यात आपण ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही, तो एक सेकंद म्हणजे आणखी साडेसोळा मीटर.

म्हणूनच थंड देशात हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात, आणि दादाकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं की त्यावर फक्त मोठी खाच असेल, ट्रॅक्टरसारखी. तसं नाही. मुख्य फरक रबरातच असतो. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता, शेवयांच्या भांड्यासारखा. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की गंधक घालून तापवलं की ह्या शेवया एकमेकांना ठिकठिकाणी बांधल्या जातात, मग रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत कडक होऊन तडकत नाही. तिथून टायरचा रस्ता मोकळा झाला. तरी थंडी वाढत गेली की ह्या रेणूंची हालचाल मंद होतेच आणि रबर घट्ट व्हायला लागतं. पकड कशी मिळते? डांबर वरून सपाट दिसतं पण जवळून बघितलं तर खडीची टोकं वर आलेली असतात, मऊ रबर त्या टोकांच्या मधे शिरतं आणि धरून ठेवतं. घट्ट रबर वरच्या वर सरकतं. पावसाळ्यात सिमेंटच्या अंगणात जुनी, कडक झालेली रबरी चप्पल कशी सटकते आणि नवीन मऊ चप्पल कशी चिकटून चालते, तेच.

साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचा टायर घट्ट व्हायला लागतो असं धरतात. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका वगैरे घालून ते थंडीतपण मऊ राहील असं केलेलं असतं. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, चाक दाबलं की त्या उघडतात, कडा बर्फात रुततात आणि आत बर्फ अडकून बसतो. हे जरा उलटं वाटेल, पण अडकलेला बर्फ काढायचा नसतो, कारण बर्फ बर्फाला रबरापेक्षा जास्त धरतो. जगातला पहिला हिवाळी टायर १९३४ मध्ये फिनलंडमध्ये तयार झाला, तोपण कारसाठी नाही, ट्रकसाठी. आज अशा टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. दादा म्हणतो की उघड्या काचबर्फावर तेपण पुरत नाही, तिथं चाकाला लोखंडी साखळ्या बांधाव्या लागतात, आणि त्या बांधताना हातमोजे काढायला लागतात, ते तो विसरत नाही.

मग मी विचारलं, एवढे चांगले असतात तर आपण इथं का नको वापरायला? तर नको. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या घरात येतो, शाली निघतात, शेकोट्या पेटतात, पण टायरच्या हिशोबानं ही थंडी नव्हेच. आणि एप्रिलच्या दुपारी आपलं डांबर पन्नास अंश ओलांडतं, त्यावर तो मऊ टायर लोण्यासारखा झिजेल, वळणावर ठोकळे लवतील आणि ब्रेकला गाडी जास्तच लांब जाईल. तिकडचा चांगला टायर इकडं वाईट आहे. आपला प्रश्न बर्फाचा नाही, पाण्याचा आहे, आणि पाणी आपल्याकडं जून ते सप्टेंबर कमी पडत नाही.

टायरच्या खाचा नक्की काय करतात? कोरड्या रस्त्यावर खरं म्हणजे त्यांचं काहीच काम नाही, रेसच्या गाड्यांचे कोरड्यावरचे टायर सपाट असतात ते उगीच नाही. खाचा आहेत पाणी बाहेर काढायला. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साठलंय, टायर १८५ मिलिमीटर रुंद आहे आणि गाडी ताशी ८० नं चाललीय असं धरा, तर एका टायरला दर सेकंदाला १२ लिटर पाणी बाजूला सारायला लागतं. आंघोळीची एक बादली, दर सेकंदाला, प्रत्येक चाकाला. नवीन टायरला साधारण ८ मिलिमीटर खोल खाच असते, ती हे काम करते. खाच दीड मिलिमीटर राहिली की पाण्याला जायला जागा नाही, ते टायरच्या पुढं साठतं, मग पाचरीसारखं खाली शिरतं आणि टायर उचलला जातो. तळहात रस्त्यावर नाहीच, पाण्यावर आहे. त्या क्षणी स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, आणि तेव्हा ब्रेक दाबायचा नाही, स्टेअरिंग झटकायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडून सरळ धरून राहायचं.

नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर ह्याचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की पाणी खाचेपेक्षा खोल असेल तर टायर कितव्या स्पीडला तरंगायला लागतो हे मुख्यतः आतल्या हवेवर ठरतं. त्यांचं सूत्र कारला लावलं तर ३३ पीएसआयला साधारण ताशी ९५ आणि २० पीएसआयला ताशी ७५ येतं. कारला हे अंदाजापुरतंच धरायचं, पण हवा कमी म्हणजे तरंगायला लवकर, हे खरंच. वंटमुरी घाट उतरताना हायवेवर ट्रकांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साठलेलं असतं आणि त्यातनं लोक शंभरनं जातात, ते बघून आता पोटात गोळा येतो.

हवेबद्दल अजून एक. दुपारी ३२ अंशाला ३२ हवा भरली आणि पहाटे पारा १२ वर आला तर आत २९ च राहते, पंक्चर नसताना. म्हणून हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, टायरच्या अंगावर लिहिलेला नाही, तो टायरनं सोसायचा जास्तीत जास्त दाब असतो. कमी हवेचा टायर फक्त पावसात वाईट असं नाही, तो चालताना सारखा दबतो-फुगतो, आतून तापतो आणि मे महिन्यात दुपारी फुटतो. नायट्रोजन भरला तर चालतो, पण साध्या हवेतपण ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळं त्यावर जास्त पैसे घालण्यापेक्षा पंधरा दिवसाला मीटर लावून बघणं जास्त कामाचं.

आता माझी चूक. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असतो, त्यामुळं पुढचे लवकर झिजतात, आणि दोनच नवीन घ्यायचे असतील तर दुकानदार पुढंच घालतो, आपल्यालापण पटतं. पण टायर कंपन्या स्वतः सांगतात की नवीन जोडी मागं घाला. कारण पुढचं चाक सटकलं तर गाडी सरळ जाते, पाय सोडला, स्पीड उतरला की बऱ्याचदा परत पकड येते आणि काय होतंय ते स्टेअरिंगवर कळतं. मागचं सटकलं तर काही कळायच्या आत गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं तुमच्या-माझ्या हातात नाही. माझ्या गाडीत पुढं ७ मिलिमीटर आणि मागं दीड अशी खाच होती, म्हणजे ओल्या वळणावर ती फिरणारच होती, म्हैस फक्त निमित्त.

खाच मोजायला यंत्र लागत नाही. दादानं काडेपेटीतली काडी खाचेत उभी घातली, रबराच्या वरच्या कडेला नखानं खूण केली आणि भाचीच्या कंपासमधल्या पट्टीवर ठेवली. आत, मधे आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजायची, कारण अलाइनमेंट गेलेलं असलं तर एकच कड झिजते. कायद्यानं कारला किमान १.६ मिलिमीटर लागते आणि खाचेच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे दिलेले असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण ज्याला पावसात चोर्ला किंवा आंबोली करायचीय त्यानं ३ मिलिमीटरलाच बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

घेताना अंगावरची अक्षरं वाचा. १८५/६५ आर १५ ८८ एच म्हणजे १८५ मिलिमीटर रुंदी, रिमच्या वरच्या रबराची उंची त्याच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल (आतले धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घातलेला), १५ इंची रिम, एका टायरवर ५६० किलोपर्यंत वजन आणि ताशी २१० पर्यंतचा वेग. डीओटी ह्या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पडून पडूनपण रबर वाळतं, चिरा पडतात, म्हणून स्वस्तात मिळाला तरी जुन्या तारखेचा घेऊ नका. आणि शोभेसाठी रुंद टायर तर नकोच, रुंद टायरला तितकं जास्त पाणी सारायला लागतं आणि तो लवकर तरंगतो. स्कूटर-बाइकवाल्यांचं तर अजून नाजूक, दोनच चाकं आणि गोल टायर, तळहातपण नाही, तीन-चार बोटं म्हणा. रोज सरळ हायवेवर चालवून मधला भाग सपाट झाला असेल तर खाच दिसत असूनसुद्धा वळणावर गाडी विचित्र वागते. त्यात पहिल्या पावसाचे दिवस, वर्षभराचं ऑइल आणि धूळ वर येते, आणि ऊस तोडणीच्या काळात ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर आलेला, त्यावर पहाटेचं दव. तिथं कुठलाच टायर धरत नाही, स्पीडच उतरवायला लागतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही खानापुरात दोन नवीन टायर घेतले आणि मागं घातले. दुकानदार म्हणाला, जुने ठेवून जा, गिऱ्हाईक आहे, जोडीचे पाचशे देतो. दादानं त्याच्याकडचाच चाकू मागून घेतला आणि दोन्ही टायरच्या अंगाला वीतभर चीर मारली, परत कुणाच्या गाडीला चढू नयेत म्हणून. दुकानदार बघतच राहिला. आम्ही ते डिकीत घालून घरी आणले, आईनं परसात त्यात माती भरून अळू लावलंय.